सहावा ठिपका

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही. अकरा वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणजे ताईचा राग उतरला, असा समज करून घेऊ नकोस.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. तुला सांगितलं नसेल तिने, आणि हे वाचून तिच्यावर आवाज चढवलास तर याद राख. बाबांचा फोटो स्टुडिओ बंद करताय म्हणे. माळ्यावरच्या पेट्या खाली काढताना तिला एक पाकीट सापडलं. वर माझं अक्षर, आत एकच निगेटिव्ह. तिने ती खिडकीशी धरून पाहिली आणि मला विचारते, "ताई, कसल्यातरी किड्याचा फोटो आहे. तुम्हाला हवाय की टाकून देऊ?"

टाकून देऊ! मी फोन हातात धरून तिथल्या तिथे स्टुलावर बसले. ती निगेटिव्ह तू अकरा वर्षांपूर्वीच टाकून दिली होतीस ना? कपाटाला पाठ टेकून, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला होतास, "चूक माझी झाली, ताई. मीच पुसला तो ठिपका. आणि निगेटिव्ह फेकून दिली." बाबा आत रिटचिंगच्या खिडकीशी बसले होते, त्यांनीही ऐकलं. म्हणजे तू त्यांच्यादेखत खोटं बोललास. शाबास!

तुझी आठवण तुझ्या सोयीने चालते, म्हणून सगळं पुन्हा लिहिते. संग्रहालयाच्या किड्यांच्या पुस्तकासाठी तीन वर्षं मी तळ्याकाठी ओणवी होते. चिखलात ट्रायपॉड, त्यावर तो धोंड्यासारखा कॅमेरा, पुढे भाता आणि भात्याच्या टोकाला लेन्स. भाता दुप्पट ताणला की फिल्मवर चौथाईच उजेड पोचतो, म्हणून एकेका फोटोला दोन-दोन सेकंद द्यायचे. दोन सेकंद कुठला किडा शहाण्यासारखा बसतो? एका रोलवर बारा फोटो, त्यांतले अकरा वाया. किडा मसुराएवढा. सगळ्या पुस्तकांत त्याच्या पाठीवर पाच ठिपके लिहिलेले. माझ्या तळ्यावरच्याला सहा होते. सहावा खांद्याच्या जरा खाली, सुईच्या टोकाएवढा. अख्खी पाठ स्वच्छ आली ती फक्त सातव्या फोटोत.

त्या फोटोवर धूळ होती, भात्याच्या आतली. हंगाम सोडून मला घरी येता येत नव्हतं, म्हणून मी निगेटिव्ह स्टुडिओत पाठवली. धूळ तेवढी काढा, मोठी प्रिंट करून परस्पर संग्रहालयात द्या, एवढंच लिहिलं होतं. फोटो काढताना फिल्मवर बसलेली धूळ प्रिंटमध्ये काळी दिसते आणि किड्याचा ठिपकाही काळाच, हे मला मान्य आहे. पण धूळ कुठली आणि पाठ कुठली हे बघायला माणसाला डोळे दिलेत ना? पुस्तक छापून आलं तेव्हा माझ्या मजकुरात सहा ठिपके होते आणि फोटोत पाच.

तेव्हाचे अधीक्षक भर बैठकीत म्हणाले, "बाईंना सहापर्यंत मोजता येत नाही, की पाचाचे सहा करता येतात?" लोक हसले. ते हसणं मी अकरा वर्षं ऐकते आहे. संग्रहालयाच्या दारावरचा पहारेकरीसुद्धा मला पाहून बोटं मोजायचा. दाखवायला काही नव्हतं. टाचणीला लावलेला नमुना त्यांच्याच कपाटात दुसऱ्या किड्यांनी खाऊन टाकला. तळं बुजवलं, आता तिथे गाड्या उभ्या करतात.

आता पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. अधीक्षक नवा आहे, तरुण, बोलायला गोड. म्हणाला, "मूळ निगेटिव्ह वीस तारखेपर्यंत दाखवा. नाहीतर आम्ही पाचच ठिपके छापू, आणि तुमची नोंद आणि नाव काढावं लागेल." मी त्याला सांगून आले होते की निगेटिव्ह नाही. तुझ्यामुळे सांगून आले होते.

प्रिंटमधला काळा ठिपका निगेटिव्हवर पारदर्शक असतो, तो पेन्सिलने भरला की प्रिंटमधून जातो; म्हणजे सगळं पेन्सिलचं काम आहे. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसलं की खाली होतं तसं वर येतं, हे तुला मी शिकवायला नको. पाकीट रजिस्टर पोस्टाने पाठव. सोबत पत्र नको.

ताई


८ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी! "ताई, त्या निगेटिव्हच्या वाटेला जाऊ नकोस. तुलाच त्रास होईल."

माझ्या त्रासाची काळजी तुला? माझं नाव मातीत गेलं तेव्हा कुठे होती ही काळजी? नोकरी गेली नाही एवढंच. त्यानंतर मला कोणी किड्यापाखरांच्या जवळ फिरकू दिलं नाही. अकरा वर्षं मी संग्रहालयात मडक्यांचे तुकडे आणि गंजलेल्या किल्ल्या यांचे फोटो काढते. मडकं हलत नाही, उडून जात नाही, काही चुकायची सोय नाही. मेलेल्या वस्तूंवर बसवलं मला.

आणि तू तुझ्या उबदार खोलीत लोकांच्या सुरकुत्या पुसत बसलास. बाबांचं वाक्य मिरवत असशील अजून: "चेहऱ्यावरून पाच वर्षं उतरवा. दहा उतरवलीत तर बायको घरात घेणार नाही." तुम्हा रिटचिंगवाल्यांचा रोगच तो. डाग दिसला की हात शिवशिवतो. तो डाग कोणाचा आहे, त्याला तो हवा आहे का, हे विचारायचंच नाही. बाबांनी मलाही शिकवलं होतं ना तुझ्याबरोबर? त्याच खिडकीशी, त्याच तिरक्या चौकटीवर. मी सोडून बाहेर चिखलात गेले, कारण मला जे आहे ते हवं होतं.

त्या दिवशी माझ्या हातून तुमच्या शोकेसची काच फुटली. मुद्दाम फोडली नव्हती, पण त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. "आजपासून मला भाऊ नाही" म्हणाले, ते पाळलं. बाबांचं कमरेचं हाड मोडलं आणि तुझ्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना चढवेना, म्हणून चार वर्षं ते माझ्याकडे होते. त्या चार वर्षांत एक जेवण असं गेलं नसेल की मी तुला शिव्या दिल्या नाहीत. त्यांच्या ताटात वाढता वाढता द्यायचे. ते मान खाली घालून जेवायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे गं." मला वाटायचं, लेकाची बाजू घेतात. शेवटच्या आठवड्यात तू आलास तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. तुम्ही दोघे तासभर बसला होतात आणि एक शब्द ऐकू आला नाही.

नवा अधीक्षक परवा विचारत होता, छापण्याआधी तुम्हाला प्रूफ दाखवलं होतं का? तो प्रश्न वेगळा आहे. त्याचा इथे संबंध नाही.

पाकीट पाठव. तू पाठवलं नाहीस तर मी स्वतः येईन, आणि येण्याने काय होतं ते तुझ्या काचवाल्याला विचार.

ताई


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकीट आलं. तू पाठवलेलं नाहीस हे पत्त्यावरच्या अक्षरावरून कळलं. तुझ्या बायकोला सांग, मी तिचे उपकार विसरणार नाही. नको, सांगू नकोस, मीच फोन करीन.

टेबलावर ठेवलं आहे. अजून उघडलेलं नाही. सकाळपासून तीनदा हात धुतले.

एक गोष्ट लिहून टाकते, कारण उद्या ठिपका दिसला की मी इतकी खूश होईन की ती लिहिणार नाही. प्रूफ मला दाखवलं होतं. संग्रहालयाचा माणूस तळ्यावर घेऊन आला होता, मी चिखलात बसले होते, ऊन उतरायला अर्धा तास उरला होता आणि पानावर एक किडा होता. मी भिंग काढलं नाही. "माझ्याच घरून आलंय, त्यात काय बघायचं," म्हणाले आणि त्या माणसाच्याच पाठीवर कागद ठेवून सही केली. पाच ठिपक्यांखाली माझी सही आहे, धाकट्या. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही.

म्हणून तुझा गुन्हा कमी होत नाही. तू पुसलास म्हणून मी चुकले.

ताई


१५ फेब्रुवारी

हे काय आहे?

काल सकाळी निगेटिव्ह काचेवर ठेवली, खालून दिवा दिला, वर कॅमेरा आणि भाता लावला. पुसण्याआधी जसं आहे तसं मोठं करून फोटो काढायचे, मग पुसायचं, मग पुन्हा तसेच काढायचे. म्हणजे अधीक्षकाला म्हणता येणार नाही की बाईंनीच काहीतरी केलं. भाता शेवटपर्यंत ताणला. वरून कॅमेऱ्याच्या काचेत डोकावले. किड्याची पाठ हंड्याएवढी दिसायला लागली आणि तिच्यावरचं पेन्सिलचं काम दिसायला लागलं.

आपण तिघांनी एकाच खिडकीशी काम केलंय. तुझी पेन्सिल गोल गोल फिरते. लहानपणापासून. बाबा म्हणायचे, "हा चेहऱ्यावर भोवरे काढतो." माझ्या बारीक आडव्या-उभ्या रेघा. बाबांचे स्वल्पविराम. डावखुऱ्या हाताचे, शेपट्या उलट्या बाजूला वळलेल्या. त्या खिडकीशी आणखी कोणी डावखुरं बसलं होतं का?

नव्हतं.

धुळीचे ठिपके होते चौदा. चौदाही स्वल्पविरामांनी भरलेले. आणि खांद्याखाली, सहाव्यावर, ते पुन्हा पुन्हा परत आलेत. एक थर, मग दुसरा, मग तिसरा. एकवीस मोजले मी. शेवटचे थरथरलेले आहेत, शेपटी लांबली आहे. ही धूळ जात का नाही म्हणून म्हातारा त्याच जागी बसून राहिला असेल. त्यांना तेव्हा भिंग लावूनही नीट दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं.

मी दिवा विझवला. पुसलं नाही. काल दिवसभर काहीच केलं नाही.

मला एका शब्दात उत्तर दे. हे बाबांचं काम आहे की नाही? आणि तू त्यात कुठे होतास?

या वेळी कार्ड पाठवलंस तर फाडून टाकीन. पत्र लिही.


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. तुझं अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे.

तर तू त्या आठवड्यात कारखान्यातल्या लोकांचे फोटो काढायला बाहेर होतास. पाकीट बाबांनी उघडलं. तू परत आलास तोवर काम झालं होतं आणि प्रिंट गेली होती. "पाकिटावर तुझं अक्षर बघून ते म्हणाले, हे लेकीचं काम आहे, हे मी करणार, तू हात लावायचा नाहीस." एवढं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि पुन्हा पुन्हा मला संताप आला. लेकीचं काम म्हणून! दुसऱ्या कोणाचं असतं तर तुझ्याकडे दिलं असतं, आणि तुझ्या हातून तो ठिपका वाचलाही असता.

मग मी दारात उभी राहून ओरडत होते, बाबांनी आतून तुझ्याकडे पाहिलं, आणि तू म्हणालास, मी केलं. निगेटिव्ह फेकली म्हणालास, कारण ती माझ्या हाती लागली असती तर मी हात ओळखला असता. मग फेकायची तरी होतीस! तेही जमलं नाही. लिहितोस, "त्यांचं शेवटचं काम होतं, ताई. त्यानंतर त्यांनी पेन्सिल धरली नाही." म्हणून माळ्यावर ठेवलंस. आणि मी तिकडे मडकी मोजत होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, असं तुझी बायको फोनवर म्हणाली. मी तिला म्हटलं, संन्यासी कसला, महाबिलंदर आहे तो. ऐक, कान उघडे ठेवून ऐक. तुझ्यावरचा राग चुकीचा होता असं म्हणायला मी तयार आहे. पण आता जो आला आहे तो बरोबर आहे. बाबांची लाज राखलीस, ठीक. ते होते तोवर ठीक. बाबा गेले त्याला पाच वर्षं झाली. पाच वर्षं तू कोणाची लाज राखत होतास? त्या निगेटिव्हने माझं नाव परत आलं असतं. तू मला बोलला असतास तर मी दोन दिवस आरडाओरडा केला असता आणि तिसऱ्या दिवशी टर्पेंटाइनची बाटली उघडली असती. तू मला ओळखत नाहीस? तुला मोठेपणा सोसवेना की सोडवेना?

काम सांगते. सोळा तारखेला पुसली. आधी स्वल्पविरामांचे सगळे फोटो काढले, एकवीसच्या एकवीस. मग कापूस ओला करून मधून बाहेर, हलक्या हाताने. कापसाला करडा डाग लागला, एवढासा. पुन्हा भाता ताणून डोकावले. सहावा होता. मला वाटलं होतं मी उड्या मारीन. मी कापसाचा तो बोळा कचऱ्यात टाकायला गेले आणि टाकता येईना.

अठराला संग्रहालयात गेले. अधीक्षकाला भिंग दिलं आणि म्हटलं, "मोजा. मोठ्याने." त्याने मोजले. पाचावर थांबला, पुढे वाकला आणि "सहा" म्हणाला. मी म्हटलं, "पुन्हा, आवाज लहान आला." दारावरचा पहारेकरी आत आला होता, त्यालाही मोजायला लावले. एवढी चैन मी करून घेतली.

नोंद राहणार, नाव राहणार. पण खाली तळटीप हवी, पहिल्या आवृत्तीत चूक कशी झाली त्याची. अधीक्षक पेन काढून म्हणाला, "चूक कोणाची लिहू? स्टुडिओत रिटचिंग कोण करत होतं?"

तुझं नाव तयारच होतं, अकरा वर्षं मी तेच धरून चालले होते. तुझं लिहिलं असतं तर तुला पुन्हा मोठेपणा मिळाला असता, आणि तो मी तुला मेले तरी देणार नाही. बाबांचं लिहायला गेले तर एकवीस स्वल्पविराम डोळ्यांपुढून हलेनात. मी त्याला म्हटलं, लिहा: प्रूफ नोंदीच्या लेखिकेने भिंग न लावता मंजूर केलं. त्याने पेन खाली ठेवलं. लिहा म्हटलं, खरं आहे ते. छापून येईल. लोक हसतील तर या वेळी खऱ्या गोष्टीवर हसतील.

घरी आले आणि बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहून बोलायला लागले. चार वर्षं, म्हटलं, चार वर्षं माझ्या हातचं जेवलात आणि माझ्या तोंडून त्याला शिव्या खाऊ दिल्यात. एकदा म्हणायचं होतंत, "अगं, मी केलं." मी काय केलं असतं? ओरडले असते आणि तुमचं ताट वाढलं असतं. रिकाम्या खुर्चीशी किती बोलणार? ती "जाऊ दे गं" सुद्धा म्हणत नाही.

तुझ्या वाट्याचा राग माझा पुरेपूर काढून झाला आहे. बाबांच्या वाट्याचा सगळा अजून तसाच आहे, आणि तो ऐकायला बाबा नाहीत. मी काय बोलते आहे, कोणाबद्दल बोलते आहे, ते कळेल असा जगात आता तू एकटा उरला आहेस. शनिवारी दहाला येते आहे. तुझ्या बायकोला सांगून ठेवलं आहे. तिसऱ्या मजल्यावर आल्यावर मला आधी दम खाऊ दे. मग मी त्यांना शिव्या देईन, जोरात, आणि बहुतेक रडेन. तू मध्ये पडून त्यांची बाजू घेऊ नकोस. माझीही घेऊ नकोस. समोर बस नुसता.